मेंदूतल्या पाण्याला वाट

आपल्या डोक्यात रोज जवळजवळ अर्धा लिटर पाणी तयार होते, असे वर्गात सांगितले तर मुले आधी हसतील आणि मग विचारतील, "सर, मग ते जाते कुठे?" प्रश्न अगदी योग्य आहे. या लेखाचा सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. हे पाणी जाण्याची वाट बंद झाली तर काय होते, ती पुन्हा मोकळी कशी करतात, आणि अशी वाट करून दिलेले मूल तुमच्या वर्गात आले तर काय करायचे, हे आपण क्रमाने पाहू.

नांदेड आणि लातूर भागातल्या शिक्षकांशी बोलताना हा विषय निघतो तो बहुधा दबक्या आवाजात. "त्या मुलाच्या डोक्यात नळी आहे म्हणतात. त्याला शाळेत ठेवायचे का? काही झाले तर जबाबदारी कोणाची?" अशी ती शंका असते. आम्ही शल्यचिकित्सक नाही, प्रयोगशाळेत काम करणारी माणसे आहोत. पण या नळीचे काम पदार्थविज्ञानाच्या इतक्या साध्या नियमांवर चालते की, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही ते नीट समजू शकते. आणि एकदा समजले की, भीतीच्या जागी काळजी कोठे घ्यायची याचे भान येते.

पाणी येते कोठून, जाते कोठे?

या पाण्याचे शास्त्रीय नाव मस्तिष्कमेरू द्रव. सोयीसाठी आपण त्याला मेंदूद्रव म्हणू. मेंदू म्हणजे काही भरीव गोळा नव्हे. त्याच्या आत चार पोकळ्या असतात, त्यांना निलय म्हणतात. डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये तिसरे आणि खाली मागच्या बाजूला चौथे. या निलयांच्या भिंतींवर बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके असतात. रक्तातून गाळून निघाल्यासारखा स्वच्छ, बिनरंगी द्रव तेथे सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात तासाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ५०० मिलिलिटर.

पण कोणत्याही क्षणी मोजला तर डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून हा द्रव १२५ ते १५० मिलिलिटरच भरतो. याचा अर्थ तो दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलला जातो. बाजूच्या दोन निलयांतून तिसऱ्यात, तेथून एका अतिशय अरुंद बोळातून चौथ्यात, आणि तेथल्या छिद्रांतून मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अशी त्याची वाट आहे. मेंदूला आणि मज्जारज्जूला वेढून तो शेवटी डोक्यातल्या मोठ्या शिरांमध्ये शोषला जातो आणि रक्तात मिसळतो. जेवढा तयार होतो तेवढाच शोषला जातो. आवक आणि जावक यांचा हा हिशेब जुळलेला असतो.

हा द्रव हवाच कशाला? एक कारण आर्किमिडीजने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा असतो. त्याची घनता १.०४ आणि मेंदूद्रवाची १.००७ धरून विद्यार्थ्यांना गणित करायला सांगा. द्रवात बुडालेल्या मेंदूचे भासमान वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास येईल. म्हणजे मेंदू कवटीच्या तळावर टेकून बसत नाही, तो तरंगतो. धक्का बसला तर हाच द्रव उशीचे काम करतो, आणि मेंदूतली टाकाऊ द्रव्येही काही प्रमाणात वाहून नेतो.

वाट अडली की

आता समजा, मधल्या अरुंद बोळात अडथळा आला. द्रव तयार होणे थांबत नाही, कारण त्या झुबक्यांना पुढे वाट बंद झाल्याचे कळत नाही. पावसाळ्यात विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे बंदच राहिले आणि गोदावरी वरून येतच राहिली तर जे होईल तेच येथे होते. निलये फुगतात आणि भोवतालच्या मेंदूला आतून कवटीकडे दाबतात. या विकाराला हायड्रोसेफॅलस म्हणतात. 'हायड्रो' म्हणजे पाणी आणि 'केफाली' म्हणजे डोके, या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले. मराठीत त्याला जलशीर्ष म्हणतात.

तान्ह्या मुलाची कवटी अजून जुळलेली नसते, टाळू मऊ असते. त्यामुळे द्रव साठला की डोके वाढू लागते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने सुमारे एक सेंटिमीटर आणि नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतो. वर्षाच्या मुलाचा घेर ४५-४६ सेंटिमीटर असतो. घेर याहून फार वेगाने वाढत असेल, टाळू फुगलेली व ताठ असेल, डोळ्यांची बुबुळे खाली झुकलेली दिसत असतील तर थांबू नये. यासाठी यंत्र लागत नाही, शिंप्याकडची टेप पुरते. वेळेवर उपचार न झाल्यास काय होते, हे २०१३ साली सर्व देशाने पाहिले. त्रिपुरातील एका गरीब कुटुंबातल्या मुलीच्या डोक्याचा घेर ९४ सेंटिमीटर झाला होता. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे पाहून मदत आली आणि दिल्लीजवळच्या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. हे पहिल्या काही महिन्यांतच झाले असते तर चित्र फार वेगळे असते.

मोठ्या मुलाची कवटी मात्र पक्की झालेली असते. तेथे डोके वाढत नाही, दाब वाढतो. हा फरक शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण शाळेच्या वयात बाहेरून पाहून काहीच कळत नाही.

अडथळा येण्याची कारणे अनेक आहेत. काही मुलांत तो अरुंद बोळ जन्मतःच पुरेसा उघडलेला नसतो. काहींचा पाठीचा कणा गर्भावस्थेत नीट बंद झालेला नसतो, ज्याला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा अनेक मुलांना जलशीर्षही होते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या निलयांत रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूच्या आवरणाचा दाह, त्यातही क्षयरोगामुळे होणारा, हे आपल्या देशातले मोठे कारण आहे. जन्मतःच बीसीजी लस टोचतात ती प्रामुख्याने लहान मुलांना अशा गंभीर क्षयापासून वाचवण्यासाठी. याशिवाय गाठी आणि डोक्याला झालेल्या दुखापती ही कारणे आहेतच.

ही कारणे एवढ्यासाठी सांगितली की, आपल्याकडे अजूनही वेगळीच कारणे शोधली जातात. ग्रहणात आईने भाजी चिरली, कोणाची नजर लागली, मागल्या जन्मीचे काही राहिले. वर दिलेल्या यादीत यांपैकी एकही नाही. मुलाच्या आजाराने खचलेल्या आईच्या माथी हा दोष मारणे हा दुहेरी अन्याय आहे. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा शिक्षकाने तो थांबवला तर बरेच काम होईल.

एका कुलूपवाल्याचा झडपेचा शोध

अडलेल्या पाण्याला दुसरी वाट काढून द्यावी, ही कल्पना जुनी. पण नुसती नळी बसवून भागत नव्हते. नळीतून द्रव एकाच दिशेने गेला पाहिजे, उलटा येता कामा नये, आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला तरच गेला पाहिजे. म्हणजे नळीबरोबर एक झडप हवी, तीही शरीरात वर्षानुवर्षे टिकणारी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नल्सन आणि स्पिट्झ या डॉक्टरांनी १९४९ साली अशी झडप असलेली नळी प्रथम बसवली. पण ती झडप भरवशाची नव्हती.

नोव्हेंबर १९५५ मध्ये जॉन होल्टर नावाच्या माणसाला केसी नावाचा मुलगा झाला. त्याला स्पायना बायफिडा होता आणि जलशीर्षही. होल्टर डॉक्टर नव्हते. ते कुलुपांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. मुलावर उपचार करणारे डॉ. स्पिट्झ यांच्याकडून त्यांनी अडचण समजून घेतली आणि घरीच खटपट सुरू केली. चिरा पाडलेल्या लवचिक नळीची झडप त्यांना सुचली. शरीराला चालेल असा पदार्थ म्हणून त्यांनी सिलिकोन निवडले. १९५६ मध्ये ही झडप रुग्णांना बसवली जाऊ लागली. केसी पाच वर्षांचा असताना गेला. पण त्याच्यासाठी शोधलेल्या झडपेने पुढे जगभरच्या हजारो मुलांना आयुष्य दिले.

दुसरी गोष्ट रोआल्ड डाल यांची. मुलांसाठी लिहिणारे लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. त्याच्या डोक्यात पाणी साठू लागले. बसवलेली नळी पुन्हा पुन्हा तुंबे. डाल यांना स्टॅन्ले वेड नावाचे अभियंते माहीत होते. ते खेळण्यातल्या विमानांची छोटी इंजिने बनवत. लंडनचे शल्यचिकित्सक केनेथ टिल यांना बरोबर घेऊन या तिघांनी १९६२ मध्ये सहज न तुंबणारी झडप तयार केली. तोवर डाल यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती, पण इतर अनेक मुलांना ती बसवली गेली. तिघांनीही त्यातून नफा घेतला नाही.

भारतातही हे काम झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बालशल्यचिकित्सक डॉ. पी. उपाध्याय यांनी स्वस्त भारतीय झडप तयार केली. पुढे लखनौचे डॉ. डी. के. छाबरा यांच्या नावाने ओळखला जाणारा शंट आला. त्याचे उत्पादन उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला होते. स्वस्त म्हणजे कमअस्सल, असा आपला समज असतो. डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील १९५ मुलांमध्ये तो तपासून पाहिला. काहींना ३५ डॉलरचा छाबरा शंट आणि काहींना ६५० डॉलरचा परदेशी शंट बसवला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

शंट म्हणजे नेमके काय?

रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणे याला शंटिंग म्हणतात. येथे द्रव एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला वळवायचा असतो, म्हणून हा शंट. त्याचे तीन भाग असतात. पहिली नळी कवटीला केलेल्या छोट्या छिद्रातून मेंदूच्या निलयात जाते. तिला कवटीबाहेर पण कातडीखाली झडप जोडलेली असते. बहुधा कानामागे बोट फिरवले तर छोटासा उंचवटा हाताला लागतो. झडपेपासून दुसरी लांब नळी कातडीखालून मान आणि छातीवरून पोटात उतरते. पोटातल्या इंद्रियांवर जे पातळ आवरण असते ते हा द्रव सहज शोषून घेते. लहान मुलाच्या पोटात नळी मुद्दाम जास्त लांबीची सोडतात, म्हणजे उंची वाढली तरी ती पुरते. बाहेरून काहीही लोंबत नाही. केस वाढले आणि सदरा घातला की कोणाला पत्ताही लागत नाही.

करून पहा

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हट्यूब म्हणजे बारीक रबरी नळी मिळते. तिचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा घ्या. एक टोक दोऱ्याने घट्ट बांधा. बांधलेल्या टोकाजवळ ब्लेडने लांबीच्या दिशेने तीन-चार मिलिमीटरची एक चीर द्या. दुसरे टोक सलाईनच्या नव्या, न वापरलेल्या नळीवर चढवा. सलाईनच्या नळीचे वरचे टोक तळाला भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत मेणाने बसवा. बाटलीचे वरचे तोंड उघडे ठेवा. नळीत हवा राहू न देता बाटलीत पाणी भरा.

१. चीर टेबलावर ठेवा आणि बाटली हळूहळू वर उचला. सुरुवातीला पाणी येणार नाही. ठराविक उंचीला चिरेतून थेंब पडू लागतील. ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. हा तुमच्या झडपेचा 'उघडण्याचा दाब'. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या. प्रत्यक्ष शंटच्या झडपा साधारण ५ ते १५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला उघडतील अशा बनवतात. कमी, मध्यम आणि जास्त दाबाची असे त्यांचे प्रकार असतात.

२. चीर पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि बाटली खाली आणा. ग्लासातले पाणी उलटे चढत नाही, कारण बाहेरच्या दाबाने चीर मिटते.

३. आता बाटली टेबलावर ठेवा आणि चिरेचे टोक टेबलाच्या कडेवरून अर्धा मीटर खाली सोडा. बाटली उचललेली नाही, तरी पाणी भराभर वाहू लागेल. टिपातले पाणी नळीने खाली काढतो तसाच हा प्रकार आहे.

तिसरा भाग महत्त्वाचा आहे. मूल झोपलेले असते तेव्हा डोके आणि पोट एका पातळीत असतात. ते उभे राहिले की डोके वर, पोट खाली, आणि द्रव गरजेपेक्षा जास्त ओढला जाऊ शकतो. अशा वेळी उभे राहिल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते. हा ओढा अडवणारी जोड काही शंटमध्ये असते. काही नव्या झडपांचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो. अशी झडप असलेल्या मुलाने प्रयोगशाळेतले जोरदार चुंबक किंवा हेडफोन, मोबाईल त्या जागेला चिकटवून धरू नयेत, आणि एमआरआय तपासणीनंतर झडप पुन्हा तपासून घ्यावी.

एक सूचना. स्पायना बायफिडा असलेल्या अनेक मुलांना रबराची ॲलर्जी असते. असे मूल वर्गात असेल तर रबरी नळीचा प्रयोग आणि वाढदिवसाचे फुगेही टाळावेत.

पित्त, ऊन आणि निमित्त

शंट हे यंत्र आहे, आणि यंत्र बिघडते. नळी तुंबते, तुटते, सरकते, तिला जंतुसंसर्ग होतो. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील मुलांवर तीन प्रकारच्या झडपांची तुलना करणारी मोठी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्याच वर्षी सुमारे ४० टक्के शंट बिघडले, आणि तिन्ही झडपांत फरक नव्हता. तेव्हा बिघाड म्हणजे डॉक्टरांची किंवा पालकांची चूक असे समजू नये. शंट असलेल्या माणसाला आयुष्यात एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. बिघाड वेळेत ओळखला तर दुरुस्ती होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते, प्राणही जाऊ शकतो. हा उशीर काही वेळा काही तासांचाच असतो.

समजा, मुखेड किंवा निलंगा तालुक्यातल्या शाळेत सातवीत अशी एक मुलगी आहे. चार दिवस ती सकाळी डोके दुखते म्हणते. एकदा प्रार्थनेच्या वेळी उलटी झाली. मार्च महिना आहे, ऊन तापले आहे, परीक्षा जवळ आली आहे. आपण काय म्हणतो? "पित्त झाले असेल, उपाशी आली असेल." "ऊन लागले, लिंबूसरबत द्या." "गणिताचा पेपर आला की हिचे डोके दुखते." इतर मुलांच्या बाबतीत हे तिन्ही अंदाज बहुधा बरोबर ठरतील. शंट असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो शंटचा बिघाड नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तो शंटचाच बिघाड मानायचा. नियम एवढाच आहे.

लक्षणे अशी: सकाळी किंवा आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, उलट्या, वर्गात पेंगणे, हाक मारली तर उशिरा उत्तर देणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, झटका येणे. संसर्ग असेल तर ताप, नळीच्या वाटेवर लाली व सूज, पोटदुखी. काही मुलांत बिघाड हळूहळू होतो आणि पहिली खूण वहीत दिसते. अक्षर बिघडते, शांत मूल चिडके होते, येत असलेली उदाहरणे चुकू लागतात. हा बदल डॉक्टरांना दिसणार नाही, कारण त्यांनी आधीची वही पाहिलेली नसते. तो शिक्षकालाच दिसतो.

मग काय करायचे? गोळी देऊन घरी पाठवायचे नाही. एकटे तर मुळीच नाही. पालकांना कळवायचे आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. मूल पेंगत असेल किंवा झटका आला असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. "या मुलाला शंट आहे" हे वाक्य पहिल्यांदा सांगायचे. किनवट-माहूरकडून नांदेडला यायचे तर वाटेतच तीन-चार तास जातात. गरज पडली तर पुढे हैदराबाद, सोलापूर किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. म्हणून तयारी आधी हवी. एका जाड कागदावर मुलाचे नाव, शंटचा प्रकार, बसवल्याची तारीख, डॉक्टरांचा आणि पालकांचा फोन लिहून एक प्रत दप्तरात आणि एक मुख्याध्यापकांच्या टेबलात ठेवावी. मूल बरे असताना काढलेला सीटी स्कॅन घरात जपून ठेवावा. निलये आत्ता मोठी दिसतात ती नेहमीचीच की नवी, हे जुन्या स्कॅनशी ताडून पाहिले तरच कळते.

लातूरसाठी आणखी एक गोष्ट. दहावीनंतर मराठवाड्यातली हजारो मुले शिकवण्यांसाठी लातूरला येऊन वसतिगृहात राहतात. तेथे आई सकाळी उठवायला नसते. रात्रभर अभ्यास करून झोपला असेल, असे म्हणून खोलीतले मित्र दार ओढून घेतात. शंट असलेल्या विद्यार्थ्याने ही गोष्ट लपवू नये. निदान खोलीतल्या दोघांना आणि वसतिगृहप्रमुखांना ती ठाऊक असावी.

वर्गात, मैदानावर आणि पुढे

शंट असलेली सर्व मुले सारखी नसतात. काहींना काहीच अडचण येत नाही. काहींचे बोलणे, पाठांतर उत्तम असते, पण गणित, आकृत्या, नकाशे अवघड जातात. लक्ष टिकत नाही, कामाला वेळ लागतो, एकदम तीन सूचना दिल्या तर शेवटची दोन विसरतात. हा आळस नव्हे. एका वेळी एकच सूचना द्यावी, फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ द्यावा किंवा टिपण हातात द्यावे. पुढल्या बाकावर बसवावे. 'लातूर पॅटर्न'ने आपल्याला टक्क्यांचा अभिमान शिकवला. घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेत हे मूल मागे पडेल, पण वेळ दिला तर तोच प्रश्न ते सोडवील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्र मिळालेल्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची सोय मिळते. पालकांना हे बहुधा माहीत नसते.

खेळाचे काय? बहुतेक खेळ चालतात. धावणे, पोहणे, क्रिकेट, लेझीम यांपासून मुलाला दूर बसवण्याचे कारण नाही. मुष्टियुद्ध टाळावे. कुस्ती, कबड्डी आणि शीर्षासन याबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारावे. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया करायची असेल तर तेथे नळी आहे हे आधी सांगावे.

आणि मोठेपणी? मुलींच्या पालकांचा हा न विचारलेला प्रश्न असतो. शंट असलेल्या स्त्रियांना मुले होतात. शेवटच्या महिन्यांत पोटातला दाब वाढून नळीत अडथळा येऊ शकतो, म्हणून तपासण्या जास्त लागतात, एवढेच. २००७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात फ्रान्समधील मार्सेच्या डॉक्टरांनी ४४ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत दिली. सहा महिन्यांचा असताना त्याला शंट बसवला होता, चौदाव्या वर्षी तो दुरुस्त केला होता. पायात थोडी अशक्तता आली म्हणून तो तपासणीला आला. स्कॅनमध्ये निलये इतकी मोठी दिसली की, मेंदूचा पातळ थरच कवटीलगत उरला होता. त्याचा बुद्ध्यंक ७५ भरला, म्हणजे सरासरीहून कमी. पण तो सरकारी नोकरीत होता, विवाहित होता, दोन मुलांचा बाप होता. या एका उदाहरणावरून सर्वांचे भविष्य सांगता येणार नाही. मात्र नुसता स्कॅन पाहून कोणा मुलाचे भविष्य ठरवू नये, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

टाळता येईल का? खर्चाचे काय?

सर्व जलशीर्ष टाळता येत नाही, पण स्पायना बायफिडामुळे होणारे पुष्कळसे टाळता येते. गर्भाचा कणा गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होतो. तेव्हा अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. फॉलिक ॲसिड हे ब जीवनसत्त्व तेव्हा शरीरात पुरेसे हवे. सात देशांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे असे सांगतात. आधी असे मूल झाले असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी रक्तक्षयासाठी असते, ती याला पुरेशी नाही. हरभऱ्याची भाजी, पालक, तूर, मूग यांत हे जीवनसत्त्व असते, मात्र फार शिजवले तर त्यातले बरेच नष्ट होते. पालेभाजीवर भर द्यावा, पण केवळ आहारावर विसंबू नये. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पीठ-मिठासारख्या अन्नात ही द्रव्ये मिसळण्याला गती द्यावी, असा ठराव केला आहे.

प्रत्येकाला शंटच लागतो असेही नाही. दुर्बीण घालून तिसऱ्या निलयाच्या तळाला छिद्र करायचे आणि द्रवाला आतल्या आत वाट द्यायची, ही पद्धत बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ मध्ये प्रथम वापरली. युगांडात डॉ. वॉर्फ यांनी ती तान्ह्या मुलांसाठी सुधारली. तेथील १०० बालकांवरील चाचणीत वर्षानंतरच्या बौद्धिक वाढीत ही पद्धत आणि शंट यांत लक्षणीय फरक दिसला नाही. ती चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नळीच नसल्याने ती तुंबण्याचा प्रश्न नसतो, पण केलेले छिद्रही बुजू शकते. कोणाला कोणती पद्धत योग्य हे वय आणि कारण पाहून ठरते.

खर्चाच्या भीतीने पालक थांबतात. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढल्या वर्षी ती सर्व राज्यात आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. पथक आले की सर्व मुलांची उंची-वजने होतात आणि कागद भरले जातात. त्या दिवशी अशा मुलाला पुढे करून त्याची वेगळी माहिती द्यावी. अंगणवाडीताईंना डोक्याच्या घेराचे वर दिलेले आकडे लिहून द्यावेत.

२५ ऑक्टोबर हा दिवस जगभर स्पायना बायफिडा आणि जलशीर्ष दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात शाळा भरत असेल तर नववीच्या वर्गात वरचा झडपेचा प्रयोग घ्यावा. शाळेत शंट असलेले मूल असेल तर त्याला उदाहरण म्हणून उभे करू नये. त्याची आणि पालकांची इच्छा असेल तरच त्याने बोलावे. आणि त्याचे कार्ड तयार आहे का, त्यावरचा फोन नंबर अजून चालू आहे का, हे त्या दिवशी एकदा लावून पाहावे.